तीच नावे, पण तोच देव का?



दिवाळी झाली की आपल्या भागातले ट्रक ऊसतोडीला निघतात. गावाच्या वेशीवर गाडी क्षणभर थांबते, आणि भांड्याकुंड्यांच्या, पोत्यांच्या ढिगावर बसलेली एखादी आजी कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांना हात लावून क्रूसाची खूण करते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन नावे घेतल्याशिवाय ती कारखान्याच्या वाटेला लागत नाही. तिने ईशज्ञान शिकलेले नसते, पण आपण कोणाला हाक मारली हे तिला पक्के ठाऊक असते. याच तीन नावांनी आपला बाप्तिस्मा झाला आणि याच नावांनी एक दिवस आपल्याला माती दिली जाणार आहे.

अलीकडे आपल्या धर्मग्रामातील एका घरातून आमच्याकडे प्रश्न आला. मुलगी पुण्यात नोकरीला. मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू, घरच्यांना आवडलेला. तो जन्माने हिंदू, पण चार वर्षांपूर्वी पाण्यात बुडवून त्याचा बाप्तिस्मा झालेला, आणि तोही पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्याच नावाने. मंडळीचे नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते. घरच्यांचे म्हणणे सरळ होते : “फादर, सीएनआयची सून आली तेव्हा तुम्ही तिचा पुन्हा बाप्तिस्मा केला नाही. मग याचाच का?”

प्रश्न अगदी रास्त आहे. ‘नियम आहे’ एवढे सांगून तो बाजूला सारावा असे आम्हांला वाटत नाही, कारण त्याचे उत्तर द्यायचे तर आपण कोणत्या देवाला मानतो हे आधी सांगावे लागते.

प्रथम त्या लोकांविषयी. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे प्रमुख रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे नाव न वापरता पूर्ण नाव वापरावे अशी विनंती केली होती. आम्ही येथे जुने नाव वापरतो ते केवळ वाचकांच्या सोयीसाठी, हिणवण्यासाठी नव्हे. हे लोक दारू, तंबाखू यांना शिवत नाहीत. उत्पन्नाचा दशांश देतात. आठवड्यातून एक संध्याकाळ घरच्यांसाठी राखतात. चहा-कॉफीही घेत नाहीत, त्यामुळे बीडमधल्या घरात त्यांचा पाहुणचार करायचा कसा हा मोठाच पेच पडेल! सरबत द्यावे. त्यांच्या सदाचाराबद्दल आमच्या मनात शंका नाही, आणि या पानावर त्यांची टवाळी झालेली आम्हांला चालणार नाही.

महाराष्ट्राला ते अगदीच नवे आहेत असेही नाही. त्यांचे स्कॉटिश प्रचारक ह्यू फिंडले १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्यांनी एक छोटी मंडळी उभी केली. १८५३ मध्येच त्यांचे आणखी तेरा प्रचारक अमेरिकेतील युटाहून कलकत्त्याला आले. पण १८५२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी बहुपत्नीकत्वाची शिकवण जाहीर केली होती. तिची बातमी येथील इंग्रजी वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली आणि दारे बंद होऊ लागली. १८५६ पर्यंत ते काम संपल्यात जमा होते. (बहुपत्नीकत्व त्यांनी १८९० मध्ये अधिकृतपणे सोडले. आज त्यावरून त्यांना टोमणे मारणे योग्य नाही.) आता पुन्हा त्यांची मंडळी आपल्या देशातील शहरांतून वाढली आहे. हैदराबादला २०१२ मध्ये त्यांचा भारतातील पहिला विभाग स्थापन झाला आणि बेंगळुरूला मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. आपली मुले शिकायला आणि नोकरीला जातात ती याच शहरांत.

आता मूळ मुद्दा. या मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे १८०५ मध्ये अमेरिकेत जन्मले. १८२० साली, चौदा वर्षांचे असताना, रानात प्रार्थना करताना आपल्याला पिता आणि पुत्र अशा दोन वेगवेगळ्या व्यक्तींचे दर्शन झाले असे त्यांनी पुढे सांगितले. १८३० मध्ये ‘मॉर्मनचे पुस्तक’ छापले गेले आणि त्याच वर्षी मंडळी स्थापन झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की सुरुवातीची त्यांची भाषा आपल्या भाषेपासून फार दूर नव्हती. ‘मॉर्मनच्या पुस्तकात’ पिता, पुत्र व आत्मा एक देव आहेत असे सांगणारी स्थळे आहेत. १८३५ मध्ये त्यांनी स्वतःच छापलेल्या व्याख्यानांत पित्याला आत्मस्वरूप म्हटले होते. ती व्याख्याने १९२१ मध्ये त्यांच्या धर्मग्रंथातून वगळण्यात आली. मधल्या काळात शिकवण फार पुढे गेली होती. १८४३ मध्ये स्मिथ यांनी शिकवले की पित्याला माणसासारखेच मांस व हाडे असलेले शरीर आहे, पुत्रालाही आहे, फक्त पवित्र आत्म्याला नाही. आणि १८४४ च्या एप्रिलमध्ये, आपला वध होण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, इलिनॉयमधील नॉव्हू येथे एका मृत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ दिलेल्या प्रवचनात त्यांनी म्हटले की देव स्वतः कधी काळी आपल्यासारखा माणूस होता आणि चढत चढत देवपदाला पोहोचला. माणसानेही तीच वाट चालायची आहे. त्यांचे अलीकडचे पुढारी या विधानावर जाहीरपणे फारसे बोलत नाहीत हे आम्ही प्रांजळपणे नोंदवतो. पण ते त्यांनी मागेही घेतलेले नाही. त्यांच्या शिकवणीत स्वर्गीय पित्याबरोबर स्वर्गीय माताही आहे, आणि आपण सारे आत्मे पृथ्वीवर येण्यापूर्वी त्यांच्याजवळ होतो.

मराठी कानाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. ‘नराचा नारायण’ हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात आहेच. चांगले कर्म केले की माणूस देवपदाला जातो, ही कल्पना आपल्या शेजारच्या घरांतून आपण लहानपणापासून ऐकली आहे. म्हणूनच हे प्रचारक पुण्यातल्या आपल्या मुलाशी बोलतात तेव्हा त्याला धक्का बसत नाही. येशूचे नाव आहे, बायबल आहे, प्रार्थना आहे, कुटुंबाची काळजी आहे, आणि वर नराचा नारायणही आहे! मग फरक कुठे राहिला?

फरक येथे आहे. माणूस देव झाला ही आपली सुवार्ता नाही. देव माणूस झाला ही आपली सुवार्ता आहे. नाताळच्या मध्यरात्री गव्हाणीसमोर आपण गुडघे टेकतो ते या विश्वासाने की जो सदासर्वकाळ देव होता तो आपण होऊन खाली आला. त्याला देव होण्यासाठी कोठून कोठे जावे लागले नाही.

आम्ही हे थोडे आपल्या दुष्काळाच्या भाषेत सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही विसरला नसाल. आपल्याही गावांत त्या वर्षी टँकरच्या मागे घागरींच्या रांगा लागत. टँकर आला की आनंद होई, पण शहाण्या बाईचा पहिला प्रश्न असे : “भरतो कुठून?” टँकर दुसऱ्या टँकरमधून भरला, तो तिसऱ्यातून, तो चौथ्यातून, असे कितीही मागे नेले तरी कोठेतरी जिवंत झरा असावाच लागतो. नसेल तर हजार टँकर उभे करूनही घागर कोरडीच. जो देव एके काळी देव नव्हता, त्याचे देवपण कोठून तरी आलेले असणार. त्याला ते कोणी दिले, किंवा ज्या नियमाने मिळाले तो नियम त्याच्याहून थोरला ठरला. मग खरी प्रार्थना त्या नियमालाच करायला हवी! आपण ज्याला पिता म्हणतो तो भरून आणलेला टँकर नाही, तो झराच आहे. त्याचे असणे कोणाकडून उसने घेतलेले नाही. विहिरीच्या काठी शोमरोनी स्त्रीशी बोलताना प्रभूने देव आत्मा आहे असे सांगितले (योहान ४), आणि पुनरुत्थानानंतर घाबरलेल्या शिष्यांना आत्म्याला मांस व हाडे नसतात असेही सांगितले (लूक २४). स्तोत्रांत देवाच्या हाताचा उल्लेख येतो तसा त्याच्या पंखांचाही येतो. हात शब्दशः घ्यायचा तर पंखही घ्यावे लागतील.

दुसरा फरक तितकाच खोल आहे. मॉर्मन शिकवणीप्रमाणे मूळ द्रव्य अनादी आहे. देवाने जगाची घडी बसवली, पण ज्यातून ते घडवले ते आधीपासून होतेच. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना न्यायदर्शनात हेच वाचले होते : परमाणू नित्य, जीव नित्य, आणि ईश्वर कुंभारासारखा त्यांना आकार देणारा. कुंभाराचा दाखला वाईट नाही, तेरच्या गोरोबाकाकांच्या या प्रदेशात तर तो सहज कळतो, आणि संदेष्टा यिर्मयाही देवाला कुंभारच म्हणतो. पण कुंभाराला माती आणावी लागते. माती चिवट निघाली तर त्याचा इलाज चालत नाही. ज्याच्या हातात माती दुसरीकडून आली, तो मातीचा धनी होत नाही. गेल्या शतकाआधीच्या शतकात नीलकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) नावाचे मराठी घराण्यातले संस्कृत पंडित होऊन गेले. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ हिंदीत प्रसिद्ध केला. ते आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हते, अँग्लिकन होते, पण जीव आणि परमाणू अनादी मानण्याच्या मताची त्यांनी त्यात बारकाईने चिकित्सा केली आहे. मॉर्मन मताशी त्यांचा वाद नव्हता, तरी प्रश्न हाच आहे.

याचा आपल्या जगण्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकातील सातव्या अध्यायातली आई पाहा. सहा मुले डोळ्यांदेखत मारली गेली आहेत, सातवा उभा आहे. ती त्याला सांगते की आकाश आणि पृथ्वी बघ, देवाने हे सारे काही नसताना केले, म्हणून तू मरणाला भिऊ नकोस, मला तू पुन्हा मिळशील. तिचे सांत्वन या एकाच गोष्टीवर उभे आहे. ज्याने शून्यातून दिले तोच शून्यातून परत देऊ शकतो. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी घरचा कर्ता गेलेली किती घरे आहेत हे आम्ही अंत्यविधीच्या नोंदवहीत पाहतो. त्या माउलीला आम्ही जो देव सांगतो, तो मातीवर अवलंबून असलेला देव असून भागत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. तुम्हीही मिस्सामध्ये माणसाला देवपणाचा वाटा मिळतो म्हणता ना? होय, म्हणतो. अर्पणविधीच्या वेळी आम्ही कटोऱ्यातील द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब घालतो, तुमच्यापैकी पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांनी ते पाहिले असेल. तेव्हा मनातल्या मनात केली जाणारी प्रार्थना हीच असते, की ज्याने आपले मनुष्यपण घेतले त्याच्या देवपणात आपल्याला सहभागी होता यावे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात दैवी स्वभावाचे भागीदार होण्याविषयी लिहिलेले आहे. पण थेंब द्राक्षारसात जातो म्हणून तो द्राक्षवेल होत नाही. आपण दत्तक घेतलेली लेकरे आहोत. दत्तक लेकराला घर मिळते, नाव मिळते, वारसा मिळतो. पण ते उद्या बाप होऊन दुसरे जग चालवायला निघत नाही. मिळते ते सर्व कृपेने.

आता बाप्तिस्म्याच्या प्रश्नाकडे येऊ. रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाला विचारले गेले की या मंडळीत दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य आहे काय. ५ जून २००१ रोजी उत्तर आले : नाही. त्यावर कार्डिनल रात्सिंगर यांची, म्हणजे पुढे पोप झालेल्या सोळाव्या बेनेडिक्ट यांची सही होती आणि पोप दुसरे जॉन पॉल यांची संमती होती. येशूसंघीय फादर लुईस लादारिया यांनी, जे पुढे त्याच मंडळाचे प्रमुख व कार्डिनल झाले, त्याची कारणे समजावून दिली. पाणी आहे, बुडवणे आहे, नावेही तीच आहेत. पण ती नावे उच्चारताना ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते ते तीन वेगळे देव आहेत, एका हेतूने जोडलेले. आपला विश्वास आहे तो एका देवावर, ज्याचे स्वरूप एकच आणि व्यक्ती तीन. त्यामुळे ख्रिस्तसभा जो बाप्तिस्मा देते तोच देण्याचा हेतू तेथे असू शकत नाही.

सीएनआयचे, मेथडिस्ट बांधवांचे तसे नाही. पोपविषयी, साक्रामेंतांविषयी आपले त्यांच्याशी मतभेद असतील, पण ते ज्या त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा देतात ते आपलेच त्रैक्य आहे. म्हणून त्यांचा बाप्तिस्मा पुन्हा करणे हे उलट पाप ठरेल. संत ऑगस्टीन यांनी दोनातूसपंथीयांशी वाद घालताना हेच ठासून सांगितले की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या योग्यतेवर तो अवलंबून नसतो. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चनेही २००० साली ठरवले की मॉर्मन मंडळीतून येणाऱ्याला बाप्तिस्मा द्यावा. म्हणजे हा काही फक्त कॅथोलिकांचा हट्ट नाही. आणि न्यायाने हेही सांगायला हवे की मॉर्मन मंडळीही आपला बाप्तिस्मा मानत नाही. आपल्याकडून तिकडे गेलेल्याला ते पुन्हा पाण्यात उतरवतात. त्यांच्या मते प्रेषितांनंतर खरी ख्रिस्तसभा पृथ्वीवरून नाहीशी झाली होती.

असा निर्णय पूर्वी कधी झाला होता का? झाला होता, आणि तोही निकेया येथे, इ.स. ३२५ मध्ये. २०२५ मध्ये त्या परिषदेला सतराशे वर्षे पूर्ण झाली. रविवारी आपण जो लांब मतांगीकार म्हणतो (आणि काही जण मनातल्या मनात घड्याळ बघतात) तो तेथूनच सुरू झाला. त्या परिषदेने नोव्हेशियन गटातून परत येणाऱ्यांना केवळ हात ठेवून स्वीकारावे असे ठरवले. पण समोसाटाच्या पौलाच्या अनुयायांना मात्र पुन्हा बाप्तिस्मा द्यावा असे सांगितले. हा पौल अंत्युखियाचा महागुरू होता, आणि ख्रिस्त हा मुळात माणूसच, अशी त्याची शिकवण होती. संत अथनासियस नंतर लिहितात की हे लोक नावे तीच उच्चारीत, पण ती योग्य अर्थाने घेत नसत, म्हणून त्यांचे पाणी निष्फळ. रोमचे २००१ चे उत्तर या सतराशे वर्षांच्या वाटेवरच उभे आहे.

याचे परिणाम काय, ते थोडक्यात. बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीतील व्यक्तीशी विवाह असेल तर महागुरुस्वामींची परवानगी लागते. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी असेल तर परवानगी पुरत नाही, सूट लागते, आणि ती न घेता केलेला विवाह ख्रिस्तसभेत विवाह ठरत नाही. मॉर्मन वराच्या बाबतीत दुसरा नियम लागू होतो. याचा अर्थ लग्न होणार नाही असा मुळीच नाही, किंवा त्या मुलाने कॅथोलिक व्हायलाच हवे असाही नाही. तसा दबाव घरच्यांनी त्याच्यावर आणू नये. धर्म बदलणे ही लग्नाच्या बोलणीतली अट होऊ शकत नाही. सूट मिळते, पण अर्ज खरा भरलेला हवा. ‘बाप्तिस्मा झाला आहे’ एवढेच लिहून मंडळीचे नाव गाळले, तर पुढे त्रास त्या दोघांनाच होतो.

आणखी एक गोष्ट. मॉर्मन मंडळीत मृतांच्या नावाने जिवंत माणसाला बाप्तिस्मा देण्याची प्रथा आहे. त्यासाठी ते जगभरच्या वंशावळी गोळा करतात. रोमच्या धर्मगुरूविषयक मंडळाने ५ एप्रिल २००८ च्या पत्राने सर्व महागुरूंना कळवले की धर्मग्रामांच्या नोंदवह्या या कामासाठी छायाचित्रणाला देऊ नयेत. आपल्या काही तरुणांना मोबाइलवर घराण्याचा वृक्ष काढण्याची हौस लागली आहे. हौस चांगली आहे. आजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल तर कार्यालयातून रीतसर घ्या, पण जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो काढू द्या म्हणून सिस्टरांना गळ घालू नका. आपल्या पूर्वजांना ज्या नावाने बाप्तिस्मा मिळाला तो पुरेसा आहे.

दारात कोणी पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची पाटी लावून आले तर बसवा, पाणी द्या, ऐकून घ्या. वाद घालण्याची गरज नाही. एकच प्रश्न विचारा : “तुम्ही ज्याला पिता म्हणता, तो देव नव्हता अशी वेळ कधी होती का?” मग ते काय म्हणतात ते शांतपणे ऐका.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात निकेयाच्या मतांगीकारावर तासभर बोलणे होईल. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांनी व यंदा विवाह ठरलेल्या जोडप्यांनी जरूर यावे. विवाहाचे अर्ज तारखेच्या किमान तीन महिने आधी द्यावेत, आणि दुसऱ्या मंडळीतील वधू-वराच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मंडळीचे पूर्ण नाव आहे ना, ते घरूनच पाहून आणावे.

आपले धर्मगुरू